गाडी कोण चालवणार

त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, पण जहाजाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो पर्यटकांच्या मोठ्या बस चालवायचा, लांब पल्ल्याच्या. तरुणपणी एकदा दाट धुक्यात घाट उतरताना मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं होतं, "ड्रायव्हर, पुढचं काही दिसतंय का?" त्याने माइक उचलला आणि म्हणाला, "मी कॅप्टन बोलतोय. तुम्ही झोपा, मी जागा आहे." बसभर हशा पिकला आणि नाव चिकटलं ते कायमचं.

माणूस मुळातच चुळबुळ्या. लग्नात फोटो काढतानासुद्धा याचा एक पाय हलत होता, असं त्याची बायको सांगायची. स्टिअरिंगमागे बसला की मात्र कसा एखाद्या खांबासारखा शांत. बायकोने एकदाच त्याच्या बसमधून प्रवास केला होता, आणि आरशात त्याचा चेहरा बघून तिला क्षणभर वाटलं, हा कोण भलताच माणूस आपल्याला घेऊन चाललाय.

गेल्या थंडीत ते सगळं संपलं. सकाळी तो दूध तापवायला म्हणून ओट्याशी गेला आणि धाडकन आवाज झाला. बायको धावत आली तर हा जमिनीवर, हातपाय झटकतोय, दात घट्ट मिटलेले, ओठ निळे. त्याला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती फक्त स्वयंपाकघरातली फरशी, एकदम डोळ्याजवळ आलेली, आणि तिच्या फटीत अडकलेला तांदळाचा एक दाणा.

मेंदूची डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिने तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाली, "वर्षभर कुठलीही गाडी चालवायची नाही, काका. मधे परत फिट आली, तर तिथून पुढे पुन्हा एक वर्ष. आणि प्रवाशांची बस म्हणाल तर आता कधीच नाही."

"कधीच म्हणजे?"

"कधीच म्हणजे कधीच."

कंपनी माणुसकीने वागली. त्याला काढलं नाही, डेपोतच एका खिडकीत बसवलं. प्रवासी बसमध्ये विसरून जातात त्या वस्तू तिथे जमा व्हायच्या: छत्र्या, चष्मे, एकेकटे हातमोजे, एकदा तर चक्क कवळी. कवळीचा मालक आठवडाभर फिरकला नाही, तेव्हा कॅप्टनने ती फडताळात मागे सारली, कारण ती दिवसभर आपल्याकडे बघून हसतेय असं त्याला वाटायला लागलं. खिडकीत काम थोडं आणि बसणं फार. समोरच्या आवारातून बस बाहेर पडत आणि प्रत्येक बस वळताना कॅप्टनचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जाई. महिन्याभरात त्या जागची चटई झिजली.

मित्रांना त्याने सांगितलं, पाठीमुळे गाडी सोडली. "एवढा वेळ बसून कंबर कामातून गेली रे," म्हणाला. का खोटं बोलला ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. खरं सांगावं तर लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात, हे त्याने घरीच पाहिलं होतं. तो विळी घ्यायला उठला, जिन्यावर पाय ठेवला, न्हाणीघराला आतून कडी लावली, की बायको हातातलं काम सोडून वाट बघत राहायची. मित्रांच्या डोळ्यांत तशी नजर त्याला नको होती. पुढे सांगू, पुढे सांगू म्हणता महिने गेले, आणि जितके महिने जावेत तितकं ते सांगणं जड होत गेलं.

मित्र म्हणजे तिघं. दादाचं सलून होतं, कॅप्टनच्याच गल्लीत, कोपऱ्यावर. तो चौघांत मोठा म्हणून त्याला सगळे दादा म्हणत. दुसरा फरश्या बसवायचा, त्याला म्हणत काटकोन, कारण कुणाच्याही घरी गेला की त्याला आधी भिंती वाकड्या दिसायच्या. आणि तिसरा साहेब. तो बँकेतून नुकताच मुदतीआधी निवृत्त झाला होता, चौघांत त्याच्याकडेच गाडी होती, आणि ती तो चालवायचा अशी की जणू मागच्या सीटवर काचेची भांडी रचून ठेवली आहेत. शनिवारी संध्याकाळी दादा सलूनचं शटर अर्धं ओढायचा, साबणाच्या वासात चौघं चहा प्यायचे आणि जगाचे प्रश्न सोडवायचे.

अशाच एका शनिवारी दादा म्हणाला, "मला साठ पूर्ण होतायत. मला कार्यक्रम नको, केक नको. मला ते तळं बघायचंय."

"कुठलं तळं?" साहेबाने विचारलं.

"ह्याचं तळं!" दादाने कॅप्टनकडे वस्तरा रोखला. "इतकी वर्षं कान किटवलेत ह्याने. डोंगरावरून द्राक्षाचे मळे उतरतात ते थेट पाण्यात पाय सोडून बसतात म्हणे. तळघरात घराएवढी पिंपं. आत झरा वाहतो, त्या झऱ्याच्या आवाजाने वाइन मुरते. मी आयुष्यभर ह्या आरशातून रस्ता बघितलाय. एक दिवस जाऊ, दोन घोट वाइन पिऊ, संध्याकाळी परत. साहेबाची गाडी आणि कॅप्टन चालवेल. झालं!"

"बेश!" साहेब म्हणाला. "त्या वळणांवर मी नाही चालवणार. कॅप्टन असेल तर गाडीलाही बरं वाटेल."

कॅप्टन म्हणाला, "छान! छानच की!" आणि कप विसळायला उठला. तिघांचे कप अजून भरलेले होते.

पुढचा आठवडाभर त्याच्या डोक्यात एकच भुंगा. खिडकीत बसून त्याने सगळी वेळापत्रकं गोळा केली. मार्ग सापडला. सकाळच्या आगगाडीने तळ्याच्या टोकाच्या गावाला जायचं, तिथून बोट, बोट थेट मळ्यांच्या धक्क्याला लागते, वर चढायला पायवाट. येताना तसंच. त्याचा जीव जरा भांड्यात पडला. पुढच्या शनिवारी त्याने ते एका दमात मांडलं.

"आगगाडीने?" काटकोन म्हणाला. "दोनदा बदलायची, वर बोट, वर चढण. माझे गुडघे बघितलेस? आयुष्य जमिनीवर रांगण्यात गेलंय माझं."

"बोटीतून दिसतं तसं गाडीतून दिसत नाही."

"गाडीने दोन तासांत पोचतो, असं तूच सांगायचास."

"अरे पण गाडी कुठे लावणार? गर्दी असते."

"तू तिथे पन्नास माणसांची बस लावायचास!" दादा हसायला लागला. "साहेबाची गाडी तुझ्या बसच्या डिकीत मावेल."

कॅप्टन मग म्हणाला, रस्त्याचं काम चालू आहे. मग म्हणाला, पाठ. पाठीचं म्हटल्यावर साहेबाने लगेच तोडगा काढला, उशी आणतो, मधे तीनदा थांबू. प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे प्रेमळ उत्तर होतं आणि कॅप्टन प्रत्येक उत्तराने जास्तच अडकत चालला होता. तो उठला, शटरपाशी गेला, परत आला, तुरटीचा खडा हातात घेतला, ठेवला.

"बस की खाली!" काटकोन वैतागला. "कॅप्टन, सरळ सांग. तुला यायचंच नाहीये का?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग माझ्या गाडीत काय खोट आहे?" साहेबाचा आवाज बदलला. "मोठ्या बसची सवय असलेल्या माणसाला माझा खटारा हातात धरायला कमीपणा वाटत असेल तर तसं सांग ना. आगगाडी, बोट, पायवाट! उद्या म्हणशील बैलगाडीने जाऊ."

"साहेब, तसं नाही रे."

"मग कसं?"

दादा कात्र्या पुसत होता, एकेक, नको तितक्या नीट. त्याची ती वाकलेली मान कॅप्टनला बघवेना. ह्या माणसाने कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे, एक दिवस.

"बरं," कॅप्टन म्हणाला. "चालवतो. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. सकाळी लवकर निघू."

दादाने टाळी वाजवली. काटकोनाने पाठीवर थाप मारली आणि लगेच "अरे, पाठ, पाठ!" म्हणत हात मागे घेतला. सगळे हसले. कॅप्टनही हसला. घरी जाताना तो आपल्याच दारावरून पुढे निघून गेला, आणि गल्ली संपल्यावर ते त्याच्या लक्षात आलं.

आता त्याने मनाशी वकिली सुरू केली. इतके महिने झाले, एकदाही काही झालेलं नाही. गोळी एकदाही चुकली नाही. रस्ता असा पाठ की कुठल्या वळणावर कुठला कुत्रा भुंकतो ते सांगेल. डॉक्टर पोरगी, तिने पुस्तकातलं सांगितलं, सगळ्यांना तेच सांगतात. फक्त दोन तास जायला, दोन तास यायला. ही वकिली दिवसभर चालायची, आणि तो एकटाच आरोपी, एकटाच वकील, एकटाच न्यायाधीश. आरोपी रोज सुटायचा आणि खटला रोज नव्याने उभा राहायचा. जेवताना घास हातात राही. खिडकीत एका बाईला तिची पर्स म्हणून त्याने दुसऱ्याच बाईची दिली, आणि तिच्यामागे बसथांब्यापर्यंत पळत गेला.

बायकोच्या नजरेतून हे सुटणार नव्हतंच. ती बुटांच्या दुकानात काम करायची. माणूस दुकानात शिरला की त्याच्या चालीवरून कुठे चावतंय ते तिला कळायचं. बुधवारी ती कामावरून आली, तर कॅप्टन दारात बसून गाडीचे बूट पॉलिश करत होता. पातळ तळव्याचे, जुने, चालवताना घालायचे ते. थंडीपासून ते माळ्यावर होते.

तिने पिशवी खाली ठेवली. "हे कशाला काढलेत?"

"धूळ बसली होती."

"माळ्यावर बसते धूळ. कशाला काढलेत?"

त्याने ब्रश थांबवला नाही. "रविवारी जायचंय ना तळ्याला. साहेबाची गाडी आहे."

"साहेब चालवणार?"

ब्रशचा आवाज तेवढा होत राहिला.

त्याला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, त्यालाही ओरडता आलं असतं. इतक्या दिवसांची वाफ निघून गेली असती. ती आत गेली, पाणी प्यायली, पदराने तोंड पुसत बाहेर आली आणि त्याच्यासमोर उंबऱ्यावर बसली.

"मी पण येते मग," ती म्हणाली.

"तू कुठे? जागा नाही. चौघं आहोत."

"मी पुढे बसेन, तुमच्या शेजारी. मागे तिघं बसतील दाटीवाटीने."

"अगं, मित्रांची सहल आहे."

"असू दे. तुम्ही चालवणार असाल तर मी शेजारी बसणार. जे व्हायचं ते दोघांचं होऊ दे. मागे राहून मी काय करू?" तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात मापाचा बूट आणते म्हणावं तसा. "त्या दिवशी तुमचं डोकं मी मांडीवर धरलं होतं. तुम्हाला आठवत नाही. मला आठवतं."

कॅप्टनने ब्रश खाली ठेवला. त्याच्या हाताला पॉलिश लागलं होतं आणि ते कुठे पुसावं ते त्याला कळेना. त्या क्षणापर्यंत त्याच्या सगळ्या खटल्यात गाडीत तो एकटाच होता. तिच्या बोलण्याने एकदम सगळी गाडी भरली. शेजारी ही. मागे गुडघे आखडून बसलेला काटकोन, खिडकीशी नाक लावलेला दादा, मधे साहेब. एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला पाणी.

"नाही चालवत," तो म्हणाला.

"मग ते त्यांना सांगा. मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सलून उघडायच्या आधीच तो दारात हजर. दादा केर काढत होता. "दाढी?" म्हणाला. कॅप्टनने मान डोलावली. दादाने त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती फडकं बांधलं, फेस केला. दादाला कामात गप्पा लागायच्या, तो रविवारचंच बोलत होता. बरोबर पाव न्यायचा, चीज न्यायचं, सुनेने नवा शर्ट आणलाय, काटकोन म्हणतो तो शर्ट वाकडा शिवलाय.

"हलू नकोस रे. मान किती हलवतोस."

"दादा, मला थंडीत फिट आली होती."

वस्तरा गालावर होता, तो तिथेच थांबला.

"पाठबिठ काही नाही. फिट आली, घरात पडलो. गाडी चालवायची मनाई आहे. वर्षभर. बस तर कायमचीच गेली."

दादाने वस्तरा उचलला, पट्टीला पुसला, मिटला आणि मागच्या बाकावर, गिऱ्हाइकं वाट बघत बसतात तिथे, जाऊन बसला. कॅप्टनला तो आरशात दिसत होता. अर्ध्या तोंडाला फेस आणि अर्धं मोकळं, असा कॅप्टन स्वतःही दिसत होता. त्याला वाटलं दादा आता म्हणेल, अरेरे. म्हणेल, आधी नाही का सांगायचं वेड्या. मनात कुठेतरी त्याने त्याचीच तयारी केली होती.

"आणि तू हो म्हणालास?" दादा म्हणाला.

"तू इतका..."

"माझं नाव घेऊ नकोस. तू हो म्हणालास. मी माझ्या नातवाला नेणार होतो बरोबर. माझ्या मांडीवर बसला असता, साहेबाला काल विचारूनसुद्धा झालं. मनात ठरवलं होतं तुला ऐन वेळी सांगायचं, गंमत म्हणून." दादाचा आवाज चढला नाही. "फिट येणं तुझ्या हातात नव्हतं. हो म्हणणं तुझ्या हातात होतं."

बाहेर पहिलं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. दादा उठला, काही न बोलता उरलेली दाढी केली. कुठेही कापलं नाही. फडकं झटकताना म्हणाला, "दोघांना तूच सांगायचं. मी सांगणार नाही."

"सांगतो."

"आणि ती आगगाडी किती वाजताची म्हणाला होतास?"

साहेबाला सांगायला गेला तर साहेबाने आधी त्याला पाणी दिलं, मग बँकेतल्या कुणाच्या तरी मेव्हण्याला कशी फिट यायची ते सांगितलं, मग एकदम लाजून म्हणाला, "मी गाडीवरून काय काय बोललो तुला." काटकोन एका नव्या घरात फरशी बसवत होता. तो गुडघ्यावर होता तसाच वर बघत राहिला. "म्हणजे मी पाठीवर थाप मारली तेव्हा पाठ दुखतच नव्हती? आणि मी घरी जाऊन वाईट वाटून घेतलं!" मग त्याने हातातली फरशी ठाकठीक बसवली, ठोकली आणि म्हणाला, "माझ्या गुडघ्यांना धरून चढवायचं काम तुझं."

रविवारी चौघं निघाले. कॅप्टनची बायको आली नाही. म्हणाली, मला सुट्टीच्या दिवशी झोपू द्या. नातूही आला नाही. दादा कॅप्टनशी बोलत होता, पण तुटक, शेजारच्याकडे मीठ मागावं तेवढंच.

प्रवासी होणं कॅप्टनला जमेना. आगगाडीत तो खिडकीशी बसला, मग दाराशी उभा राहिला, मग गाडी पुढे किती लांब आहे ते बघून आला. स्टेशन आलं की पहिला उतरायचा आणि तिघांना मोजायचा. "मी लहान आहे का?" काटकोन म्हणाला. बोटीवर तर तो चालकाच्या कठड्याला चिकटूनच उभा राहिला, इतका की चालक शेवटी म्हणाला, "काका, पाण्यात वळणं नसतात. बसा."

तळं मात्र होतं तसंच होतं. दादा बोटीच्या टोकाला उभा होता. नव्या शर्टात वारा भरला होता. मळे खरंच वरून खाली ओळीने उतरत आले होते, दगडी बांधांच्या पायऱ्या करत, आणि शेवटची ओळ पाण्याला टेकली होती. दादा बराच वेळ बघत राहिला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "एवढं तरी खरं सांगितलंस."

वर चढून गेले तेव्हा काटकोनाने कॅप्टनच्या खांद्यावर सगळा भार टाकला होता आणि वाटेतल्या प्रत्येक बांधाला नावं ठेवली होती. तळघरात एक बाई त्यांना आत घेऊन गेली. थंड, ओलसर, आंबूस गोड वास. पिंपं होती, पण माणसाच्या कमरेएवढी. झरा कुठेच नव्हता.

"झरा कुठाय?" साहेबाने त्या बाईला विचारलं.

"कुठला झरा?"

तिघांनी वळून कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टनचे कान लाल झाले. "मी आत कधी आलोच नव्हतो रे," तो म्हणाला. "प्रवासी आत जायचे, मी बसपाशी थांबायचो. येताना ते सांगायचे. प्यायल्यावर सांगायचे."

काटकोनाला हसू फुटलं, ते त्याला आवरेना. गुडघे धरून तो एका पिंपावर बसला. साहेब हसला. ती बाईसुद्धा हसली. दादा तेवढा हसला नाही, पण त्याने हातातला पेला कॅप्टनसमोर धरला. "आता आलायस तर घे."

"गोळ्यांवर चालत नाही."

"तेही नाही?"

"तेही नाही."

दादाने पेला मागे घेतला, त्या बाईकडे वळला आणि विचारलं, वाइन व्हायच्या आधीचं काही मिळेल का. तिने द्राक्षाचा रस आणून दिला, गडद, घशाला चिकटणारा. कॅप्टनने तो उभ्याउभ्याच संपवला. त्याला बाहेर जायचं होतं. वरच्या वाहनतळावर बसचं इंजिन बंद झाल्याचा आवाज त्याने ऐकला होता, आणि कुठली बस ते त्याला आवाजावरूनच कळलं होतं.

बसपाशी त्याच्याच डेपोतला तरुण ड्रायव्हर होता. सगळे त्याला बारक्या म्हणत, आणि तो दारातून वाकून आत यायचा इतका उंच होता. "कॅप्टन! तुम्ही इकडून? आतून?" बारक्याला विश्वासच बसेना. कॅप्टन त्याच्याबरोबर बसच्या सावलीत बसला, टायरला पाठ लावून, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याचा पाय हलायचा थांबला. पण थोडाच वेळ. बारक्या रस्त्याचं, नव्या गाड्यांचं, पुढच्या महिन्याच्या लांबच्या फेरीचं बोलायला लागला आणि कॅप्टन मधेच उठला. "चल, माझी माणसं वाट बघत असतील," म्हणाला.

माणसं वाट बघत नव्हती. साहेबाला वाइन चांगलीच लागली होती आणि तो त्या बाईला व्याजाचे दर समजावत होता. कॅप्टनने तिघांना गोळा केलं, ढकललं, ओढलं, काटकोनाला जवळजवळ उचललं. पण धक्का दिसायला लागला तेव्हा बोट सुटून पाण्यावर रेघ उमटली होती. तीच शेवटची होती.

कॅप्टन पायवाटेवर मटकन बसला. आयुष्यभर त्याने एकाही प्रवाशाला मागे सोडलं नव्हतं, आणि आता चार माणसं त्याच्याच आखणीत काठावर उभी होती. "माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "मी वर बारक्याच्या बसपाशी नसतो गेलो तर..."

"गप," दादा म्हणाला. "साहेबामुळे झालं."

"माझ्यामुळे झालं," साहेब आनंदाने म्हणाला.

दादाच पुन्हा वर चढून गेला. कुणाला काही न विचारता. परत आला तो बारक्याला घेऊनच. वर उभ्या बसमध्ये मागे जागा होत्या, आणि ती परत त्यांच्याच गावी चालली होती. बारक्या कॅप्टनला म्हणाला, "तुम्ही पुढे बसा, गाइडच्या जागेवर." कॅप्टनचा पाय पायरीवर होता. काच पुढे पसरलेली दिसत होती, तिच्यामागे उतरता रस्ता.

"नको," तो म्हणाला. "मी ह्यांच्यात बसतो."

मागच्या लांब सीटवर चौघं ओळीने बसले. साहेब लगेच झोपला. वळणं सुरू झाली. प्रत्येक वळणाला कॅप्टनचं अंग आखडायचं. इथे सोड, इथे दाब, आता घे. एका आंधळ्या वळणावर त्याने समोरच्या सीटची दांडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. दादाने ते पाहिलं.

"बरोबर चालवतोय का तो?" दादाने विचारलं.

"चांगला चालवतो. जरा उशिरा दाबतो ब्रेक."

"मग सांग त्याला."

"नको. त्याची गाडी आहे."

दादा खिडकीतून खाली बघत होता. तळं आता तांब्यासारखं दिसत होतं. "नातवाला पुढच्या वेळी आणीन," तो म्हणाला. "बोटीतून." थोड्या वेळाने त्याने आपली पावाची पुडी उघडली, त्यातला उरलेला तुकडा मोडला आणि अर्धा कॅप्टनच्या हातावर ठेवला.

थंडी पुन्हा आली. वर्ष भरायला थोडेच दिवस राहिले होते, तेव्हा डेपोत, खिडकीतच, कॅप्टनला दुसरी फिट आली. ह्या वेळी लहान. शुद्धीवर आला तर समोर बारक्या, आणि डोक्याखाली कुणाचा तरी हरवलेला कोट. डॉक्टरने गोळी वाढवली आणि वर्ष पुन्हा पहिल्यापासून धरलं. कॅप्टनने घरी पोचल्यावर बूटसुद्धा न काढता तिघांना फोन केले, एकेकाला, स्वतः.

संध्याकाळी तिघं येऊन बाहेरच्या खोलीत बसले. कॅप्टन आत पडून होता. दिवसभर पडून राहायचं असं डॉक्टरने बजावलं होतं. तिघांनी आधी हळू आवाजात त्याची चौकशी केली, मग बायकोने चहा दिला, मग आवाज हळूहळू चढत गेले. पुढची सहल काटकोनाच्या बहिणीच्या गावाला काढायची, ती नदीच्या पलीकडे राहते, म्हणजे सकाळच्या बसने पुलावरून सरळ. साहेब म्हणत होता, सरळच जाऊ. दादा म्हणत होता, सरळ. कॅप्टन कुशीवर वळला, पालथा झाला, परत उताणा झाला.

"सरळ नाही!" तो आतून ओरडला. "पूल बंद आहे महिनाभर! खालच्या गावाकडून फिरावं लागेल!"

"अहो, पडून राहा!" बायकोही ओरडली.

"कुठून फिरायचं म्हणतोस?" दादाचा आवाज आला.

"थांब, येतो. कागद घे," कॅप्टन म्हणाला, आणि पायाने पलंगाखाली चपला चाचपायला लागला.